वशिला : मोजून पाचशे

आपल्याकडे वशिल्याला माप नाही. एखाद्याचा वशिला 'वरपर्यंत' असतो, एखाद्याचा 'तसा आहे, पण आत्ता चालेल का सांगता येत नाही' या जातीचा असतो. आमदारांच्या पीएची चिठ्ठी मोठी की संस्थेच्या सेक्रेटरींच्या मेव्हण्याचा फोन मोठा, हे ती दोन्ही घेऊन दोन पालक एकाच सीटवर धडकेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. भूकंपाला रिश्टर आहे, आवाजाला डेसिबल आहे, पावसाला मिलिमीटर आहेत. आणि ज्याच्यावर निम्मा देश चालतो त्याला एकक नाही. शास्त्रज्ञांचं याकडे लक्ष गेलेलं नाही, कारण त्यांना नोकऱ्या लागलेल्या आहेत.

संगणकवाल्यांनी मात्र हे काम करून ठेवलंय. डेबियन नावाच्या लिनक्समध्ये ॲप्ट म्हणून एक प्रोग्राम असतो. त्यानं वशिल्याला चक्क आकडे दिलेत. साधा वशिला ५००. खास आपल्या माणसाचा ९९०. तोंडओळख १००. 'नाव ऐकलंय बुवा कुठेतरी' याला १. 'हा आला तर मी घरात नाही म्हणून सांगा' याला उणे आकडा. वरची मर्यादा ३२ हजारांच्या आसपास. आणि हे सगळं मॅन्युअलमध्ये छापलेलं, माहितीच्या अधिकाराचा अर्ज न करता कुणालाही वाचता येणारं.

ज्यांचं आयुष्य विंडोजवर 'नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश' करण्यात गेलं त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगतो. लिनक्सवर सॉफ्टवेअर शोधत वेबसाइटी धुंडाळायच्या नसतात. ॲप्टला नुसतं नाव सांगायचं. त्याच्याकडे सॉफ्टवेअरच्या भांडारांची यादी असते. भांडाराचं पूर्ण नाव रिपॉझिटरी, पण एवढं लांब बोलायला कुणाला वेळ आहे, सगळे 'रेपो' म्हणतात. ॲप्ट त्या रेपोतून पॅकेज आणतो, त्या पॅकेजला लागणारी आणखी सतरा पॅकेजं आणतो, जागच्या जागी लावतो आणि काम झाल्यावर फार बोलत नाही. असल्या प्रोग्रामला पॅकेज मॅनेजर म्हणतात. रेपो एकच असेल तोवर सगळं सुरळीत चालतं. तेच पॅकेज दुसऱ्या रेपोत वेगळ्या आवृत्तीत दिसायला लागलं की भानगड सुरू होते. आता कुठली घ्यायची? 'नवी असेल ती घ्या, त्यात काय एवढं!' हे उत्तर लगेच सुचतं. ज्यांनी कधी सर्व्हर सांभाळलेला नाही त्यांना तर फारच लगेच सुचतं.

नव्याच्या मागे धावणं हा डेबियनचा स्वभावच नाही. इयन मर्डॉक या विद्यार्थ्यानं १९९३ च्या ऑगस्टमध्ये हा प्रकल्प जाहीर केला, मैत्रिणीचं 'डेब' आणि स्वतःचं 'इयन' जोडून त्याला नाव दिलं, आणि तेव्हापासून तिथे कुणी घाई केल्याचं ऐकिवात नाही. आपल्या सरकारी सी-डॅक संस्थेचं 'बॉस' लिनक्सही डेबियनवरच उभं आहे, तेव्हा घाई न करण्याची परंपरा योग्य हाती पोचली असं म्हणायला हरकत नाही.

डेबियनच्या एकाच वेळी अनेक तऱ्हा नांदतात. 'स्टेबल' म्हणजे तावूनसुलाखून बाहेर काढलेली. 'टेस्टिंग' म्हणजे अजून तावात असलेली. 'अनस्टेबल' म्हणजे आज सकाळीच टाकलेली. त्यांना टोपणनावं 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या खेळण्यांची देतात, कारण सुरुवातीच्या काळात प्रकल्पाची धुरा सांभाळणारे ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते. वुडी, सार्ज, लेनी, बुकवर्म अशी नावं येतात नि जातात. अनस्टेबलचं नाव मात्र कायम एकच : सिड. सिड म्हणजे त्या चित्रपटातला शेजारचा पोरगा, जो खेळणी मोडतो. सॉफ्टवेअरच्या धंद्यात इतका प्रामाणिकपणा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

तर ही वुडी आली जुलै २००२ मध्ये आणि पुढची सार्ज आली जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं. त्या मधल्या काळात, नोव्हेंबर २००४ मध्ये, फायरफॉक्सची १.० आवृत्ती आली. म्हणजे जग नव्या ब्राउजरमधून हिंडत होतं, आणि 'स्टेबल'वाले तावूनसुलाखून काढलेल्या जुन्या ब्राउजरमधून त्या जगाच्या बातम्या वाचत होते. अशा वेळी माणूस काय करतो? जे सगळे करतात तेच. घरचं जेवण स्टेबलचं ठेवतो आणि एखादी चमचमीत वस्तू हळूच सिडकडून मागवतो. यादीत सिडच्या रेपोची फक्त एक ओळ घालतो. एका पॅकेजपुरती.

आणि ॲप्टच्या दृष्टीनं हा सिडसुद्धा ५००, आणि स्टेबलसुद्धा ५००.

वशिला सारखा असेल तर ॲप्ट आवृत्तीचा क्रमांक बघतो आणि मोठ्या क्रमांकाचं पॅकेज उचलतो. सिडकडे सगळंच मोठ्या क्रमांकाचं असतं. त्यामुळे एका व्हिडिओ प्लेअरपायी घातलेली ती ओळ विसरून माणूस पुढच्या आठवड्यात सवयीनं 'अपग्रेड' म्हणतो, तेव्हा ॲप्ट नम्रपणे विचारतो की नऊशे-हजार पॅकेजं बदलायची आहेत, पुढे जाऊ का? या प्रश्नाला लोक 'वाय' दाबतात. वाचून दाबतात असं मी म्हणणार नाही. उत्तराच्या जागी आधीच मोठा 'वाय' छापलेला असतो, नुसतं एंटर मारलं तरी पुरतं, आणि आपली पिढी 'आय ॲग्री'वर वाढलेली आहे. मग निम्मी यंत्रणा सिडची, निम्मी स्टेबलची, असं जे काही तयार होतं त्याला डेबियनच्या जगात फ्रँकेनडेबियन म्हणतात. ते चालतं. कशामुळे चालतंय ते कळत नसल्यामुळे कुणी त्याला धक्का लावत नाही, इतकंच.

हा अनर्थ टळावा म्हणून वशिल्याचे आकडे. शुद्ध भाषेत त्यांना 'पिन प्रायॉरिटी' म्हणतात आणि ते ठरवण्याच्या उद्योगाला 'पिनिंग'. 'प्रेफरन्सेस' नावाची एक फाईल असते. तीत तीन ओळी लिहायच्या. पहिली ओळ : कुठलं पॅकेज. दुसरी : कुणाकडून आलेलं. तिसरी : किती आकडा. शिफारसपत्रं इतकी नेमकी लिहायची पद्धत आपल्याकडे पडली असती तर केवढा कागद वाचला असता.

आता या आकड्यांमधला न्याय जरा जवळून बघण्यासारखा आहे.

संगणकावर आधीच बसवलेली जी आवृत्ती आहे, तिला केवळ 'आत आहे' म्हणून मिळतात १००. बाहेरच्या कुठल्याही सोम्यागोम्या रेपोला मिळतात ५००. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला घरातल्या कर्त्या माणसांची आठवण झाली, पण तो विषय वेगळा. तर, आत बसलेल्याला किंमत १००, पण त्याला एक संरक्षणही आहे : त्याच्यापेक्षा जुनी आवृत्ती आणून त्याला उठवता येत नाही. येणाऱ्याचा वशिला ५०० असो, ९०० असो, ९९० असो. तो क्रमांकानं लहान असेल तर त्यानं दारात उभं राहायचं. किंमत नसली तरी खुर्ची शाबूत. सरकारी नोकरीची व्याख्या याहून नेटकी करता येणार नाही.

९९० हा आकडा 'आपल्या' माणसाचा. 'मी स्टेबलवाला आहे' असं ॲप्टला एकदा लेखी सांगून ठेवलं की स्टेबलच्या सगळ्या पॅकेजांना ९९० मिळतात आणि बाकीचे कितीही नवे, कितीही हुशार असले तरी पाचशेवरच राहतात. वरची सिडची ओळ तशीच ठेवूनसुद्धा मग अनर्थ होत नाही. सिड येतो, बसतो, त्याला चहासुद्धा मिळतो. त्याचं काम होत नाही.

काही रेपो स्वतःच स्वतःची किंमत कमी लावून घेतात. डेबियनचा 'एक्स्पेरिमेंटल' नावाचा रेपो आपल्या ओळखपत्रावरच लिहून पाठवतो की मला आपणहून घेऊ नका. त्याला ॲप्ट देतो १. नव्या आवृत्त्या स्टेबलसाठी बेतून देणारा 'बॅकपोर्ट्स' नावाचा रेपो आहे, त्याचं लिहिणं आणखी मुरलेलं. तो म्हणतो : मला आपणहून घेऊ नका, पण एकदा घेतलंत, तर पुढची सुधारणा माझ्याकडूनच घ्या. त्याला मिळतात बरोबर १००, म्हणजे आत बसलेल्याइतकेच. बरोबरी झाली की क्रमांक बघितला जातो, आणि त्याची पुढची आवृत्ती क्रमांकानं मोठी असल्यामुळे सुधारणा आपोआप येत राहतात. भिडस्तपणाच्या पोटी एवढी तरतूद करून ठेवणारा माणूस मी फक्त एकाच व्यवसायात पाहिलाय, आणि त्याच्याकडे माझ्या तीन पॉलिसी आहेत.

उणे आकडा म्हणजे बंदी. ते पॅकेज रेपोत असलं, मागितलं, विनवण्या केल्या, तरी ॲप्ट ते बसवत नाही.

आणि शून्य? उणे नाही, अधिक नाही, वैर नाही, ओळख नाही. मॅन्युअल म्हणतं की शून्याच्या बाबतीत काय होईल ते ठरलेलं नाही, तेव्हा तो वापरू नका. शून्य वशिल्याच्या माणसाचं काय होतं हे ठरलेलं नाही! मॅन्युअल लिहिणारी मंडळी आपल्याकडे कधी कामासाठी तालुक्याला गेलेली नाहीत हे उघड आहे.

हजार किंवा त्यावरचा वशिला हे सर्वात जालीम प्रकरण. तिथे खुर्चीचं संरक्षणही संपतं. पॅकेज जुनं असो, आत बसलेलं नवं असो. हजारवाल्याला बसवायचं म्हणजे बसवायचं, नव्याला उतरवून बसवायचं. यासाठी १००० पुरतात असं आजचं मॅन्युअल स्पष्ट सांगतं. तरीही जगभर ठिकठिकाणच्या फायलींत १००१ लिहिलेले सापडतात. जर्मनीत सापडतात, ब्राझीलमध्ये सापडतात. वरचा एक कशासाठी, हे मराठी माणसाला विचारायला आलं पाहिजे. पाकिटावर चिकटवायचं नाणं त्यांनी कुठून आणलं एवढंच कोडं आहे.

कुणाचा वशिला कितीचा, हे बघायलाही ॲप्टनं सोय केली आहे. 'पॉलिसी' अशी आज्ञा असते. तिच्यापुढे पॅकेजचं नाव टाकलं की छोटं निवेदन येतं. पहिल्या ओळीत सध्या काय बसवलंय ते. दुसऱ्या ओळीत उमेदवार कोण ते. हो, ॲप्टच्या भाषेत निवडून येणाऱ्या आवृत्तीला 'कॅंडिडेट' म्हणतात, आणि तो दरवेळी बिनविरोधच असतो, कारण मतदान आधीच आतल्या आत होऊन गेलेलं असतं. त्याखाली तक्ता : प्रत्येक आवृत्ती, तिच्यामागे उभे असलेले रेपो, आणि प्रत्येकापुढे त्याचा आकडा. बसवलेल्या आवृत्तीपुढे तीन चांदण्या. उणे आकड्यानं सगळेच बाद झाले असतील तर उमेदवाराच्या जागी कंसात 'कुणी नाही'. दहा ओळींत सगळा कारभार उघडा. माझा एक मित्र मंत्रालयात आहे. त्याला हे निवेदन दाखवलं तेव्हा तो बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "अरे, हे असं लिहून ठेवलं तर मग लोक आमच्याकडे येतील कशाला?"

वशिला सारखा निघाला की क्रमांक, असं वर म्हटलं. क्रमांक हा त्यातल्या त्यात निःपक्षपाती असेल, अशी एक भाबडी समजूत असते.

सुरुवात बरी होते. १.९ मोठा की १.१०? शाळेत शिकलेला माणूस १.९ म्हणतो आणि तोंडघशी पडतो. ॲप्ट टिंबाच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा सुटासुटा वाचतो, आणि दहा हे नवापेक्षा मोठे. हे समजण्यासारखं आहे. मग येतं तरंगतं चिन्ह, टिल्ड. क्रमांकानंतर टिल्ड लावून पुढे काही लिहिलं, तर ती आवृत्ती मूळ क्रमांकापेक्षा लहान धरायची. काहीतरी जोडल्यानं लहान होणारा क्रमांक! २.० च्या आधी जो कच्चा मसुदा येतो त्याला २.० टिल्ड मसुदा म्हणायचं, म्हणजे खरी २.० आली की ती वर बसते. बॅकपोर्ट्सवाले हेच चिन्ह लावून पाठवतात, म्हणजे पुढच्या स्टेबलमध्ये तीच आवृत्ती आली की यांनी मुकाट्यानं जागा सोडावी. सौजन्याला चिन्ह आहे, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

आणि मग 'रियली'. समजा देखभाल करणाऱ्यानं उत्साहाच्या भरात ३.० आवृत्ती चढवली आणि तिनं लोकांची कामं अडवली. परत २.९ द्यायचीय. पण २.९ ही ३.० पेक्षा लहान, ती दिली तर ३.० वाल्यांकडे ॲप्ट ती आपणहून बसवणार नाही. मग नव्या पॅकेजचा क्रमांक असा लिहितात : ३.० अधिक रियली २.९. म्हणजे, पाटीवर ३.०, पण खरं सांगायचं तर २.९. हा विनोद नाही, डेबियनमधली रूढ पद्धत आहे. वय पन्नास अधिक 'पण मनानं' पंचवीस, एवढाच काय तो फरक.

या सगळ्याच्या वर बसतो 'एपॉक'. क्रमांकाच्या सगळ्यात आधी एक आकडा आणि विसर्गासारखी दोन टिंबं. पुढचं काहीही वाचण्याआधी ॲप्ट हा आकडा बघतो. तो ज्याचा मोठा, तो मोठा. उरलेला क्रमांक मग कितीही दांडगा असू दे. डेबियनवर गिट हे आवृत्त्या सांभाळणारं साधन बसवा, त्याच्या क्रमांकाच्या आधी १ आणि दोन टिंबं दिसतील. का? कारण लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्सनी २००५ मध्ये गिट लिहिलं तेव्हा डेबियनमध्ये 'गिट' नावाचं एक पॅकेज आधीपासून राहत होतं : जीएनयू इंटरॅक्टिव्ह टूल्स, फायली चाळायचं एक बापुडं साधन. टॉर्वाल्ड्सच्या गिटला 'गिट-कोअर' या नावावर दिवस काढावे लागले. पुढे जुन्या गिटनं नाव बदललं, नवं गिट त्या नावात राहायला आलं. पण जुन्या भाडेकरूचा क्रमांक होता ४ च्या घरातला आणि नव्याचा १ च्या घरातला. ॲप्टच्या हिशेबानं हा धाकटा थोरल्याच्या खुर्चीत बसत होता. म्हणून एपॉक. भांडण केव्हाच मिटलं, ते जुनं गिट कुणाला आठवतही नाही, पण तो १ अजून आहे आणि राहणार, कारण एपॉक एकदा लावला की काढता येत नाही. काढला की क्रमांक पुन्हा लहान. विम या एडिटरच्या मागे तर २ आहेत.

एपॉकचा सर्वात बहारदार प्रयोग डेबियनवरच उभ्या असलेल्या उबुंटूनं केला, तोही फायरफॉक्सवर. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ आलं. त्यात फायरफॉक्स यापुढे ॲप्टच्या पॅकेजातून नव्हे, तर उबुंटूच्या 'स्नॅप' या वेगळ्या व्यवस्थेतून मिळणार होता. पण लोक सवयीनं ॲप्टकडेच मागणार. म्हणून ॲप्टसाठी फायरफॉक्स नावाचंच एक पोकळ पॅकेज ठेवलं, जे मागणाऱ्याला गुपचूप स्नॅपच्या दारात नेऊन सोडतं. त्याचा क्रमांक : १, दोन टिंबं, १स्नॅप१. आता, खरा फायरफॉक्स तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावर होता. पण त्याच्यामागे एपॉक नाही, म्हणजे शून्य. त्यामुळे ज्याच्यात ब्राउजरच नाही असा हा फायरफॉक्स, मोझिलाच्या कुठल्याही खऱ्या फायरफॉक्सपेक्षा ॲप्टच्या लेखी थोरला ठरला. लोक हौसेनं बाहेरचा रेपो जोडायचे, खरा ब्राउजर बसवायचे, आणि पुढच्या अपग्रेडला ॲप्ट त्यांना पुन्हा स्नॅपच्या दारात उभं करायचा.

जानेवारी २०२४ मध्ये, १२२ व्या आवृत्तीच्या वेळी, मोझिलानं स्वतःचा ॲप्ट रेपो सर्वांसाठी खुला केला. तो वापरायच्या सूचनांमध्येच त्यांनी त्या तीन ओळी दिल्या आहेत : सगळी पॅकेजं, आमच्याकडून आलेली, १०००. जगातल्या एका नावाजलेल्या ब्राउजरच्या कर्त्यांना आपलंच अपत्य बसवण्यासाठी हजाराचा वशिला लावावा लागतो. आणि गंमत अशी की ज्याच्याकडे आधी तो पोकळ फायरफॉक्स आहे, त्याला ॲप्ट हा खरा १२२ बसवताना इशारा देतो की हे 'डाउनग्रेड' होणार आहे. शून्यातून एकशे बावीसवर जाणं ही पदावनती. कागदोपत्री चूक काहीच नाही.

उबुंटूच्याच पायावर उभ्या असलेल्या लिनक्स मिंटनं असा प्रकार आधी क्रोमियम ब्राउजरच्या बाबतीत पाहिला होता. त्यांनी २०२० मध्ये विसाव्या आवृत्तीत सरळ फाईल घातली : स्नॅपची यंत्रणा, कुठूनही आलेली, उणे १०. फाईलचं नावच 'नोस्नॅप'. उणे १ नंही तेवढीच बंदी होते. पण राग एकनं व्यक्त होत नाही.

बाकीच्या लिनक्समधल्या पॅकेज मॅनेजरांचे रीतिरिवाज निराळे. फेडोराच्या डीएनएफमध्ये उलटा कारभार : प्रत्येकाला ९९, आणि आकडा जितका लहान तितका मान मोठा. इथला माणूस तिथे बदली होऊन गेला आणि सवयीनं आपल्या लाडक्या रेपोपुढे १००१ लिहून बसला, तर त्या रेपोला रांगेच्या पार टोकाला उभं केलं जातं, आणि कारण कुणी सांगत नाही. आर्चच्या पॅकमनकडे आकडेच नाहीत. फाईलीत ज्याचं नाव आधी तो मोठा, आवृत्ती जुनी असली तरी. ओपनसुसेचा झिपर तर निष्ठावान : पॅकेज ज्या पुरवठादाराकडून घेतलं, त्याच्याकडूनच घेत राहायचं, आणि तुम्ही स्पष्ट सांगितल्याशिवाय दुकान बदलायचं नाही. माझी आई अशीच.

एवढं सगळं वाचून एखादा आदर्शवादी म्हणेल, वशिला हवाच कशाला? सगळ्यांना एका पातळीवर ठेवा, ज्याचा क्रमांक मोठा त्याला घ्या. गुणवत्ता! पायथॉनच्या पिप या पॅकेज मॅनेजरात हे अगदी असंच आहे. जगाला खुल्या रेपोच्या जोडीला कंपनीचा आतला रेपो 'आणखी एक यादी' म्हणून दिला, तर तो दोघांना सारखंच मानतो आणि मोठ्या क्रमांकाचं पॅकेज घेतो. ॲलेक्स बिर्सन नावाच्या सुरक्षासंशोधकानं याचा पुरता अर्थ लावला. कंपन्यांच्या उघड्यावर पडलेल्या फायलींतून त्यांच्या खाजगी पॅकेजांची नावं त्यानं गोळा केली, आणि त्याच नावाची पॅकेजं, मोठे क्रमांक घालून, खुल्या रेपोंवर चढवली. क्रमांक टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्यानं त्यानं स्वतःच टाकायचा असतो. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल धरून ३५ हून अधिक कंपन्यांच्या आतल्या यंत्रांनी घरचं पॅकेज सोडून त्याचं पॅकेज आदरानं आत घेतलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यानं हे जाहीर केलं. तो सज्जन होता, त्यानं आत जाऊन फक्त 'मी पोचलो' एवढाच निरोप बाहेर पाठवला, आणि कंपन्यांनी त्याला बक्षिसापोटी एकूण १ लाख ३० हजार डॉलरपेक्षा जास्त दिले. गुणवत्तेच्या राज्यात आपले गुण आपणच लिहायचे असले तर काय होतं, याचा एवढा स्वस्त धडा कंपन्यांना क्वचितच मिळाला असेल. तेव्हापासून 'कुणाकडून आलास?' हा प्रश्न विचारणं मागासलेपणाचं समजलं जात नाही.

अर्थात वशिला लावायचा तर तोही नीट लावावा लागतो. ॲप्टच्या त्या दुसऱ्या ओळीत 'ओरिजिन' असं लिहिलं तर त्याचा अर्थ रेपोच्या सर्व्हरचा पत्ता. आणि 'रिलीज' लिहून पुढे 'ओ' लिहिलं तर त्या 'ओ'चा अर्थही ओरिजिन, पण म्हणजे रेपोनं स्वतःला लावून घेतलेलं नाव. दोन्ही वेगळे. जगातल्या निम्म्या पिना या दोहोंची सरमिसळ होऊन वाया गेल्या असतील. बरं, चुकलं तर ॲप्ट ओरडत नाही. पत्ता जुळला नाही, की ती चिठ्ठी नुसती बाजूला पडते. पडद्यावर सगळं आलबेल, आणि आतमध्ये तुमचा १००१ कुणाच्याच नावावर जमा नाही. हा भाग मात्र मंत्रालयातल्या मित्राला ओळखीचा वाटला.

पिन लावताना एक चौथी ओळही लिहिता येते, 'एक्स्प्लनेशन'. ॲप्ट ती वाचत नाही. पुढच्या माणसाला कारण कळावं म्हणून ती असते. बहुतेक लोक ती लिहीतच नाहीत. वशिल्याचं कारण कुठे कुणी लिहितं का?

पण एका जुन्या सर्व्हरवर मी ती लिहिलेली पाहिली आहे. पॅकेज पीएचपी, आवृत्ती ५.६, आकडा अर्थातच १००१. आवृत्तीलाच हजारावर वशिला लावला की ती जागची हलत नाही. नवी येत नाही आणि सुरक्षेची दुरुस्ती वेगळ्या क्रमांकानं आली तर तीही येत नाही. पीएचपीच्या कर्त्यांनी ५.६ ची देखभाल २०१८ अखेर बंद केली. ते सगळं त्या सर्व्हरच्या गावी नव्हतं. फाईलीत वर कारण लिहिलं होतं : 'क्लायंटचा डेमो होईपर्यंत. सोमवारी काढतो.' तारीख नाही, सही नाही. लिहिणारा केव्हाच कॅनडाला गेला होता. त्याच्याखाली दुसऱ्या कुणीतरी आणखी एक एक्स्प्लनेशन जोडलं होतं : 'हे कुणी लावलंय माहीत नाही. हात लावू नये.' आणि त्याच्याखाली तिसरं : 'काढून बघितलं. परत लावलं.'